धरणाच्या पाण्यासाठी लाइफ जॅकेटचा संच: काय ठेवावं, काय बदलून मागावं

मासेमारी संस्था, सहली नेणाऱ्या शाळा आणि प्रवासी नाव चालवणारे यांच्यासाठी ‘बोट सेफ्टी किट’ नावाने एक तयार संच बाजारात येतो. त्यात मोठ्यांची कॉलरवाली नारंगी जॅकेटं, मुलांची दोन-तीन, काम करणाऱ्यांसाठी बिनबाह्यांचे आखूड व्हेस्ट, एक लाइफबॉय म्हणजे रिंग आणि दोराची एक गुंडी असते. निकाल आधीच सांगतो. कॉलरवालं जॅकेट चांगलं आहे, रिंग त्याहून चांगली, व्हेस्ट काम करणाऱ्यांना उपयोगाचा. दोर मात्र घेऊ नका, तेवढे पैसे कमी करून मागा.

खान्देशात समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. हतनूरचा फुगवटा, वाघूर, प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज, नवापूरच्या अंगाने आत आलेलं उकाईचं पाणी आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत घुसलेला सरदार सरोवराचा जलाशय. शेवटच्या ठिकाणी तर दवाखाना, रेशन, बाजार सगळं नावेवर किंवा बार्जवर. 2019 च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत गर्दीची बोट उलटली, ती याच पाण्यात. ‘लाइफ जॅकेट म्हणजे समुद्रावरच्या लोकांचं’ ही समजूत म्हणून इथे चालत नाही. समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणजे तेच जॅकेट तापीत समुद्रापेक्षा थोडं कमीच उचलतं. जहाजांवरच्या जॅकेटांची चाचणी नियमानुसार गोड्या पाण्यातच होते, त्यामुळे शिक्का खरा असेल तर या फरकाची काळजी नको.

शिक्का कुठला, ते बघा. जॅकेटच्या आत शिवलेल्या पट्टीवर इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग (जहाजांची तपासणी करणारी संस्था) किंवा डी. जी. शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक खातं) यांच्या मान्यतेचा क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, वजनगट आणि उचल किती न्यूटन हे छापलेलं हवं. पट्टीच नसेल तर ते जॅकेटसारखं दिसणारं कापड समजा. न्यूटनचा हिशोब सोपा आहे: 10 न्यूटन म्हणजे ढोबळमानाने 1 किलोची उचल. नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायला बहुतेक मोठ्या माणसांना 3 ते 5 किलोची उचल पुरते. मग 100 आणि 150 न्यूटनची जॅकेटं कशाला? कारण शुद्ध हरपलेला माणूस स्वतः मान वर धरत नाही. त्याला पालथ्याचा उताणा करायचा आणि तोंड लाटेच्या वर ठेवायचं, तर छातीवर आणि मानेमागे जास्तीचा फोम लागतो. 50 न्यूटनचा व्हेस्ट ज्याला पोहता येतं आणि ज्याच्याजवळ मदत आहे अशा माणसासाठी. 100 न्यूटन आडोशाच्या, शांत पाण्यासाठी. 150 मोठ्या लाटांसाठी. सरदार सरोवराच्या लांबलचक पट्ट्यात वैशाखातलं वावधन सुटलं की पाणी शांत राहत नाही. त्यामुळे प्रवाशांसाठी 150 घ्या. वाघूरसारख्या ठिकाणी 100 पुरे.

छापील आकड्यावर विसंबायचं नसेल तर मळ्यातल्या हौदात तासाभरात पडताळणी होते. लोखंडाचं वजन पाण्यात सुमारे आठव्या भागाने कमी भरतं, म्हणून किराणा दुकानातली लोखंडी मापं वापरता येतात. जॅकेट पाण्याखाली दाबून आतली हवा काढा, पट्टे बांधा आणि कमरेच्या पट्ट्याला मापं अडकवा. 50 न्यूटनचा व्हेस्ट साडेपाच किलोला तरंगला पाहिजे आणि 6 ला बुडाला तर तक्रार नाही. 100 च्या जॅकेटने 11 किलो, 150 च्याने 17 किलो पेलायला हवं. मग तेच जॅकेट 24 तास वजनासकट पाण्याखाली ठेवा आणि पुन्हा मोजा. जहाजी नियमात एवढ्या वेळानंतर 5 टक्क्यांहून जास्त उचल घटलेली चालत नाही. 100 न्यूटनच्या जॅकेटचा हा फरक लोखंडात अर्धा किलोच्या आसपास येतो. दुसऱ्या दिवशी दीड-दोन किलोने हार मानत असेल तर आतला फोम पाणी पितोय.

संचातल्या कॉलरवाल्या जॅकेटात पॉलिथिलीनच्या बंद पेशींच्या फोमचे तुकडे आहेत. चिमटीत दाबले की परत फुगतात आणि कापलेल्या कडेतून पाणी आत शिरत नाही. स्वस्त जॅकेटात बहुतेक वेळा थर्माकोल भरलेलं असतं. ओळखायला सोपं: दाबलं की कुरकुर वाजतं आणि दोन बोटांच्या खुणा तशाच राहतात. थर्माकोलचा खरा शत्रू पाण्यापेक्षा पेट्रोल आहे. आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या टाकीजवळ जॅकेट ठेवलं आणि पेट्रोल सांडलं तर कापड शाबूत दिसतं, आत मात्र थर्माकोल विरघळून पोकळी झालेली असते. सहलीच्या ठिकाणी नावेच्या तळाशी, इंजिनाशेजारी जॅकेटांचा ढीग असतो, तो म्हणूनच धोक्याचा. शिवणही पाहा. धागा पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा पावसाळ्यात कुजतो आणि पट्टा ओढताच उसवतो. पट्टा जिथे कापडाला जोडला आहे तिथे चौकोनात काटछेद मारलेली शिवण असावी. साधी दोन ओळींची शिवण असेल तर नग परत करा.

पाण्यातली चाचणी छातीभर पाण्यात, दोन पोहणाऱ्यांना बाजूला उभं करून, रोजच्या कपड्यांत करायची. जॅकेट घालून, श्वास सोडून, अंग सैल टाकून पालथं व्हायचं. चांगलं जॅकेट 5 सेकंदांच्या आत उताणं करतं आणि तोंड पाण्यापासून निदान 12 सेंटीमीटर वर राहतं. जहाजी जॅकेटाच्या जुन्या नियमात हे दोन आकडे बंधनकारक होते. या संचातलं जॅकेट पट्टा आवळलेला असताना नीट वळवतं. पट्टा ढिला ठेवला की फोम छातीऐवजी कानांपर्यंत सरकतो, माणूस आत लोंबतो आणि वळायला वेळ लागतो. दोष जॅकेटाचा नाही, बांधणाऱ्याचा आहे. पण विक्रेत्यांनी वापराची सूचना फक्त इंग्रजीत छापून दिली आहे, त्याचा दोष त्यांच्याकडेच जातो.

घालायची रीत अशी. आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा. डोकं घालून किंवा समोरून चढवा. कमरेचा पट्टा बरगड्यांच्या खाली, पोटावर आवळा, फक्त तळहात आत जाईल इतका. मग छातीचा. मग दोन्ही हात वर करा आणि दुसऱ्याला खांद्यांच्या जागी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. हनुवटी किंवा कान झाकले गेले तर जॅकेट मोठं आहे किंवा पट्टा सैल. जहाजी नियमाप्रमाणे आधी कधी न घातलेल्या बहुतेक लोकांना ते कुणाच्या मदतीशिवाय मिनिटभरात घालता आलं पाहिजे. तुमच्या गावातल्या दहा जणांवर ही परीक्षा घेऊन बघा. गाठ मारायच्या नाड्या असलेली जॅकेटं इथे नापास होतात, बकलवाली पास होतात.

दोन पायांमधून जाणारा पट्टा संचातल्या मोठ्यांच्या जॅकेटांना नाही. पँट किंवा पायजम्यावर तो हवाच, कारण जॅकेट वर सरकण्याचं ते सगळ्यात मोठं औषध आहे. शिवणाऱ्याकडून 25 मिलिमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी आणि एक बकल बसवून घेता येतं. पण मूळ कापडाला नवी भोकं पाडू नका, कमरेच्या पट्ट्यावरच फास करून ओवा. साडीवर मात्र हा पट्टा बांधता येत नाही. तिथे कमरेचा पट्टा जास्त काळजीने आवळायचा आणि पदर आधी कमरेला खोचून मगच जॅकेट चढवायचं. पदर जॅकेटच्या बाहेर राहिला तर पाण्यात तोंडावर येतो किंवा इंजिनाच्या पंख्यात अडकतो. नर्मदेकाठी बाजाराच्या दिवशी नावेत निम्म्या बाया असतात, तरी सूचनापत्रकात साडीचा उल्लेखही नाही. नावाडीदादांनी ही गोष्ट प्रत्येक फेरीला तोंडाने सांगायला हवी: ‘ताई, पदर खोचा, मग जॅकेट.’

मुलांच्या बाबतीत संच कमी पडतो. दिलेली लहान जॅकेटं 15 ते 43 किलोच्या गटाची आहेत. त्याखालच्या बाळांसाठी काहीच नाही, आणि प्रवासी नावेत कडेवरचं मूल नेहमीच असतं. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याला घालणं न घालण्यापेक्षा बरं वाटतं, पण पाण्यात मूल त्यातून खाली निसटतं किंवा जॅकेट तोंडावर येतं. एका जॅकेटात आई आणि मूल असाही प्रकार पाहायला मिळतो. उचल एकाची, माणसं दोन, आणि मूल आईच्या छातीखाली दबतं. बाळांची जॅकेटं वेगळी मागवा. त्यांना डोक्यामागे मोठी उशी आणि वर धरून उचलायला मूठ असते.

आता व्हेस्टबद्दल. जाळं ओढणाऱ्या, वल्हं मारणाऱ्या माणसाला कॉलरवालं जॅकेट मे महिन्यात घालायला सांगणं म्हणजे ते न घालण्याची सोय करून देणं आहे. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो. जाड फोमखाली घाम जिरत नाही, कॉलर जाळ्यात अडकते, खांदा फिरत नाही. म्हणून ते नावेच्या तळाशी जातं आणि जाळं ओढताना तोल जाऊन पडतो तो माणूस जॅकेटाशिवाय पडतो. व्हेस्टमध्ये उचल कमी, 50 ते 70 न्यूटन. तो बेशुद्ध माणसाला उताणा करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण दिवसभर अंगावर राहतो. एकट्याने ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणाऱ्यांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: अंगावरचा 50 न्यूटन तळाशी पडलेल्या 150 पेक्षा मोठा. संचातल्या व्हेस्टच्या बाजू मोकळ्या आहेत, खांद्याजवळचं कापलेलं क्षेत्र मोठं आहे, जाळं ओढायला अडत नाही. खिशांना झाकण नाही, मात्र तळाला पाणी जाण्याची भोकं आहेत, ते चांगलं. इंजिनवाल्या नावेत चालकाच्या व्हेस्टला इंजिन बंद करणारी दोरी, म्हणजे किल कॉर्ड, अडकवायला एक कडी हवी. ती नाही. वेगळी शिवून घ्या. चालक पडला आणि इंजिन चालू राहिलं तर नाव गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

शिट्टी प्रत्येक जॅकेटला आहे, पण आत गोळी असलेली. अशा शिट्टीत पाणी किंवा गाळ गेला की गोळी चिकटते आणि नुसती फूस होते. बिनगोळीची चपटी प्लास्टिकची शिट्टी घ्या. धातूची नको, उन्हात ओठ भाजतात. परावर्तक पट्ट्या खांद्यांवर आहेत आणि टॉर्चच्या उजेडात लांबून चमकतात. पाठीवर पट्टी नाही, ती काहीशी उणीव. दिवा संचात नाही. वेगळा घेणार असाल तर गोड्या पाण्यात पेटतो असं लिहिलेलं पाहून घ्या. खाऱ्या पाण्यावर चालणारे सेल तापीच्या पाण्यात मंद पेटू शकतात. जहाजी दिव्याचा किमान नियम 8 तास उजेड, 0.75 कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप).

रिंग खरोखर चांगली निघाली. बाहेरचा व्यास 80 सेंटीमीटरच्या आत, आतला 40 च्या वर, वजन अडीच किलोपेक्षा जास्त. हे तिन्ही जहाजी मापात बसतात. 14.5 किलो लोखंड 24 तास धरून ठेवणं ही तिची मूळ परीक्षा. वजन जास्त का हवं, याचं कारण वारा. हलकी पोकळ रिंग फेकली की वारा तिला उडवून नेतो. बाहेरची दोरी साडेनऊ मिलिमीटर जाड आणि चार ठिकाणी पक्की हवी. इथे तशीच आहे. हीच रिंग नावेच्या आत खिळ्याला बांधून ठेवायची नाही. हात घातला की सुटेल अशा कंसावर ठेवा. कुलूप लावणारेही आहेत, चोरीच्या भीतीने.

दोर. दिलेला दोर नायलॉनचा, 10 मीटर, बोटाएवढाही जाड नाही. नायलॉन पाण्यात बुडतं, म्हणून फेकलेला दोर पडलेल्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत खाली जातो आणि ओढताना पंख्यात गुंडाळला जातो. हवा तो पॉलिप्रॉपिलीनचा, तरंगणारा, निदान 8 मिलिमीटर जाड आणि 30 मीटर लांब. जहाजावरच्या रिंगेला हीच किमान लांबी आणि जाडी मागितलेली असते. पॉलिप्रॉपिलीनचा एक दोष आहे: उन्हाने तो ठिसूळ होतो. केसासारखे तंतू सुटायला लागले, घासल्यावर पांढरी भुकटी पडली की बदला. खान्देशच्या उन्हात उघड्यावर ठेवलेला दोर वर्षाकाठी तपासलाच पाहिजे. सावलीतल्या पिशवीत गुंडाळी न करता पसरत भरून ठेवला तर फेकताना गाठ पडत नाही.

फेकण्याची रीत. दोराचं शेवटचं टोक नावेला किंवा काठावरच्या झाडाला बांधा. मनगटाला कधीच नाही, कारण घाबरलेला माणूस तुम्हालाही ओढतो. दोर दोन गुंडाळ्यांत विभागा, फेकणाऱ्या हातात थोडी, दुसऱ्या हातात मोकळी. हात खालून झुलवून, माणसाच्या पलीकडे आणि वाहत्या पाण्यात त्याच्या थोडं वरच्या अंगाला टाका, म्हणजे पाणीच दोर त्याच्याकडे आणतं. रिंग थेट डोक्यावर टाकली तर अडीच किलोचा मार बसतो. रिंग नसेल तर 1 लिटरची बाटली तिसरा हिस्सा पाण्याने भरून टोकाला बांधा. रिकामी बाटली वाऱ्यात भरकटते. झाकणबंद 15 लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅनही चांगला आधार देतो, साधारण 14 किलोची उचल. पण तो धरून ठेवायला हात शाबूत हवेत.

नाव जवळ नेताना इंजिन न्यूट्रलला, आणि माणूस हाताच्या अंतरावर आला की बंद. अरुंद नावेत त्याला बाजूने उचलू नका, सगळे एका अंगाला वाकले की नाव पालथी होते. टोकाकडून घ्या, बाकीचे मध्यभागी खाली बसलेले असू द्या. मदत मागायची असेल तर दोन्ही हात आडवे पसरून हळूहळू वर-खाली करायचे, ही जगभर मानलेली खूण आहे. हात नुसते हलवले तर काठावरच्यांना ‘राम राम’ वाटतो.

पाण्यात फुगणारी, आत गॅसचं नळकांडं असलेली जॅकेटं काही विक्रेते ‘हलकी, उन्हाळ्यासाठी उत्तम’ म्हणून पुढे करतात. हलकी आहेत, 150 न्यूटनच्या जॅकेटला 33 ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं पुरतं. पण ती दरवर्षी तपासून, फुगवून, वजन करून ठेवावी लागतात. आपोआप फुगणाऱ्या साध्या प्रकारात ओल लागली की विरघळणारी गोळी असते. पावसाळ्यातल्या दमटपणात ती कधी अवेळी फुटते, कधी वेळेला फुटत नाही. बदली नळकांडं तालुक्याच्या गावी मिळत नाही. प्रवासी नावेसाठी ती घेऊ नका. जाळ्याचे काटे किंवा बाभळीची फांदी त्यांना फाडायला पुरेशी आहे.

ठेवायची जागा जॅकेटाचं आयुष्य ठरवते. त्यावर बसायचं नाही, फोम कायमचा दबतो आणि उचल घटते. सावलीत, वारा लागेल अशा दांडीला टांगा. पत्र्याच्या शेडमध्ये उंदीर शिरतात आणि फोम कुरतडतात, म्हणून जमिनीवर ढीग नको. चिखल साध्या पाण्याने धुवा. पेट्रोल, रॉकेलने पुसू नका, कडक उन्हात वाळवू नका. प्रत्येक हंगामाआधी, म्हणजे पाणी वाढायच्या आत, मापांची ती चाचणी पुन्हा घ्या आणि पास झालेल्या जॅकेटवर रंगाने वर्ष लिहा.

जॅकेटं पुरेशी घेतली म्हणून नावेत माणसं वाढवायची नाहीत. पाण्यापासून नावेच्या काठापर्यंतची उंची 30 सेंटीमीटरच्या खाली गेली की दुसऱ्या बोटीची लाटही आत येते. तळाला साचलेलं पाणी मग एका बाजूला धावतं आणि नाव तिकडेच कलते. ती उंची काठाजवळच्या फळीवर रंगाची रेघ मारून दाखवा. रेघ पाण्याखाली गेली तर दोन माणसं उतरवा, वाद घालू नका.

किमतीबाबत: संचातल्या जॅकेटाची किंमत साध्या, बिनशिक्क्याच्या जॅकेटाच्या दुप्पट-तिप्पट पडते आणि ती योग्य आहे. संस्थेने एकदम घेतलं तर घासाघीस होते. पण घासाघीस दोर काढून करा, जॅकेटाच्या दर्जावर नाही. बिल बनवताना प्रत्येक नगाचा प्रकार, न्यूटन, मान्यतेचा क्रमांक आणि उत्पादन वर्ष वेगळं लिहून घ्या. ‘लाइफ जॅकेट 10 नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊन बदली मागायला गेलात तर दुकानदार खांदे उडवतो.